कागद ज्याच्या त्याच्या घरी, यादी सर्वांची



इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानमालेत मी बोलतो आहे. राजवाड्यांवर बोलण्याइतका माझा अधिकार मोठा नाही. त्यांनी जे काम अर्धवट सोडले नाही, पण जे एकट्या माणसाच्या हातून पुरे होणे शक्यच नव्हते, त्या कामाच्या पुढच्या टप्प्याविषयी मी आज बोलणार आहे. महाराष्ट्राच्या इतिहासाचे कागद अनेक संस्थांत, अनेक घरांत विखुरलेले आहेत. त्या सगळ्यांचे मिळून एक सामाईक ऑनलाइन दप्तर उभे राहू शकते का, आणि राहायचे तर कोणत्या अटींवर, हा आजचा प्रश्न आहे.

प्रश्न किती अडचणीचा आहे ते एका उदाहरणावरून दिसेल. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. एखाद्या विद्यार्थिनीला त्या मोहिमेतली मराठी पत्रे स्वतः वाचायची आहेत. तिने कुठून सुरुवात करावी? राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तो याच काळातल्या पत्रांचा. ती पत्रे त्यांना वाईस मिळाली होती. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पुण्याच्या पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात छापले. त्यांत पानिपतचे कागद पुन्हा वेगळे. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे, त्यांचे दप्तर निराळे. पुरंदऱ्यांचे दप्तर निराळे. पटवर्धनांची पत्रे वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापली, ती मिरजेकडची. दुसऱ्या बाजूने काय लिहिले गेले हे पाहायचे तर फारसी साधने आली. हे झाले छापलेल्या कागदांचे. न छापलेल्यांची तर मोजदादच करता येत नाही. आणि यातले काय कुठे आहे हे एका ठिकाणी सांगणारी यादी आज त्या मुलीला मिळत नाही. ती पुण्यात राहत असेल तर निदान विचारायला माणसे आहेत. ती परभणीला किंवा नंदुरबारला असेल तर तिचे संशोधन सुरू होण्याआधीच थांबते.

ही उणीव काही कोणाच्या आळसामुळे राहिलेली नाही. महाराष्ट्रात कागद जमवणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू झाले आणि बखरी, पत्रे छापून लोकांपुढे यायला लागली. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी आयुष्यभर कागद, चित्रे, नकाशे गोळा केले. तो संग्रह पुढे १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. १९१० मध्ये राजवाड्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यास वारले, आणि त्यांच्या संग्रहासाठी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गावोगाव फिरून जमवली. एकेका माणसाने एकेक संस्थेचे काम करावे, असा हा काळ होता. त्यांच्या कष्टांमुळे कागद वाचले. पण प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने जमवले, आपापल्या पद्धतीने क्रमांक दिले, आपापल्या वहीत नोंदले. त्यामुळे संग्रह वाचले, आणि एकमेकांपासून तुटलेलेही राहिले.

त्या तुटलेपणावर मात करण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याच इतिहासलेखनात झालेला आहे. तो आपण विसरता कामा नये. मराठी कागद सरदेसायांजवळ, फारसी कागद कलकत्त्याच्या सर जदुनाथ सरकारांजवळ. या दोघांनी जवळपास अर्धशतक एकमेकांना पत्रे लिहिली, नकला पाठवल्या, शंका विचारल्या. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराची माला दोघांच्या संपादनाखाली निघाली. माळव्यात सीतामऊचे महाराजकुमार रघुबीर सिंह यांनी सरकारांच्या मार्गदर्शनाखाली देशोदेशीच्या ग्रंथालयांतल्या फारसी हस्तलिखितांच्या नकला आणि मायक्रोफिल्म आणवल्या. त्यांचा संग्रह आज सीतामऊच्या नटनागर शोध संस्थानात आहे. सरदेसाई कामशेतला, सरकार बंगालात, रघुबीर सिंह माळव्यात. टपाल हेच त्यांचे जोडणीचे साधन. मूळ कागद कोणी कोणाकडून काढून घेतला नाही. कागद कुठे आहे याची माहिती आणि त्याची नक्कल, एवढेच एकाकडून दुसऱ्याकडे गेले, आणि तेवढ्यावर मराठी इतिहासाचा एक अख्खा काळ नव्याने लिहिला गेला.

मला आज जे सांगायचे आहे ते याच अनुभवातून आले आहे. सामाईक दप्तर म्हणजे सगळे कागद एका इमारतीत किंवा सगळी चित्रे एका सर्व्हरवर आणून ओतणे, ही कल्पना आपण सोडून दिली पाहिजे. कागद ज्याच्या त्याच्या घरी राहावेत. त्यांची छायाचित्रेही ज्याच्या त्याच्या ताब्यात राहावीत. सामाईक व्हायला हवी ती यादी. प्रत्येक संस्थेने ठरलेल्या एकाच पद्धतीने नोंदी कराव्यात, त्या नोंदी एका जागी शोधता याव्यात, आणि शोधणाऱ्याला ‘हा कागद अमुक संस्थेत, अमुक रुमालात आहे’ एवढे खात्रीने कळावे. बाकी सगळे त्यानंतर.

जगात हे झालेले आहे. युरोपातली हजारो ग्रंथालये, संग्रहालये आणि दप्तरखाने जोडणारे ‘युरोपियाना’ नोव्हेंबर २००८ मध्ये सुरू झाले. पहिल्याच दिवशी इतके लोक आले की ते बंद पडले आणि दुरुस्त करून पुन्हा उघडावे लागले. लोकांची भूक किती होती ते त्यावरून कळते. युरोपियानाजवळ मूळ वस्तू नाही. तिच्याजवळ आहे नोंद, लहानसे चित्र आणि मूळ संस्थेकडे नेणारा दुवा. अमेरिकेत एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘डिजिटल पब्लिक लायब्ररी’ने आणखी एक शहाणी गोष्ट केली. लहान लहान ग्रंथालयांशी थेट व्यवहार न करता प्रत्येक राज्यात किंवा प्रदेशात एक केंद्र ठरवले. गावच्या वाचनालयाने आपल्या नोंदी त्या केंद्राला द्यायच्या, केंद्राने त्या नीटनेटक्या करून पुढे पाठवायच्या. आपल्याकडे जिल्ह्यातले एखादे महाविद्यालय किंवा जुने वाचनालय हे काम उत्तम करू शकेल. नोंदी एका यंत्राकडून दुसऱ्याकडे आपोआप उचलून नेण्याची मानक पद्धत २००१ पासून उपलब्ध आहे आणि ती कोणालाही फुकट वापरता येते. तंत्राची अडचण कधीच सुटलेली आहे. राहिले आहे ते आपले काम.

ते काम नेमके काय, हे जरा जवळून पाहू. कारण सामाईक यादीचा कस लागतो तो ‘तारीख’ नावाच्या एका रकान्यात.

शिवराज्याभिषेकाचा दिवस घ्या. मराठी कागदात त्याची मिती आहे ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, आनंद संवत्सर. त्याच दिवसापासून राज्याभिषेक शक सुरू झाला. मुंबईहून आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर हजर होता. इंग्रजांच्या कागदांत ती तारीख ६ जून १६७४ अशी आहे. पण इंग्लंडने नवे कॅलेंडर सप्टेंबर १७५२ मध्ये स्वीकारले. तोवर त्यांच्या तारखा जुन्या ज्युलियन पद्धतीच्या होत्या. पोर्तुगीजांनी नवे कॅलेंडर सोळाव्या शतकातच घेतले होते, म्हणून गोव्याच्या दप्तरात हाच दिवस १६ जून १६७४ असा यायला हवा. दरबारी पत्रांत शुहूर सन असे, तो अरबी अंकवाचक शब्दांनी लिहीत: ‘खमस सबैन अलफ’, म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, १०७५. हा सन मृग नक्षत्राला बदलतो. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे एकच दिवस, आणि तो लिहिण्याच्या या इतक्या तऱ्हा. रायगडचा तो एक प्रसंग मुंबई, पुणे, पणजी आणि लंडन इथल्या दप्तरांत शोधायचा असेल आणि यादीला हे भान नसेल, तर संगणक खुशाल सांगेल की या घटना दहा दिवसांच्या अंतराने घडल्या.

म्हणून नियम असा हवा: कागदावर तारीख जशी लिहिली आहे तशी एका रकान्यात, अक्षरशः. तिचे आजच्या कॅलेंडरातले रूप दुसऱ्या रकान्यात. ते रूपांतर कोणी आणि कशाच्या आधारे केले, ते तिसऱ्यात. मूळ कधीही पुसायचे नाही. उद्या कोणी गणित दुरुस्त केले तर दुसरा रकाना बदलेल, पहिला तसाच राहील.

नावांचेही तसेच आहे. कोंढाणा आणि सिंहगड एकच, तोरणा आणि प्रचंडगड एकच, हे आपल्याला ठाऊक आहे; यंत्राला सांगावे लागते. मिरजेचा मुर्तजाबाद, साताऱ्याच्या किल्ल्याचा आझमतारा हे फारसी कागदांत येतात. खडकीचे फतेहनगर झाले, फतेहनगरचे औरंगाबाद झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. माणसांच्या नावांत तर गुंता मोठा. पत्रलेखक आडनाव क्वचितच लिहितात. बाळाजी बाजीराव म्हणजे नानासाहेब पेशवे आणि बाळाजी जनार्दन म्हणजे नाना फडणीस. ‘नाना’ एवढेच लिहिलेले असले तर कोणते नाना हे पत्राचा काळ आणि मायना पाहून ठरवावे लागते. ‘पंतप्रधान’ असा उल्लेख तर कोणत्याही पेशव्याचा असू शकतो. यावर उपाय एकच: गावे, किल्ले, परगणे आणि माणसे यांची एक सामाईक नामसूची. प्रत्येकाला एक कायमचा क्रमांक, आणि त्या क्रमांकाखाली त्याची सगळी नावे. ही नामसूची कोण्या एका संस्थेने करून भागणार नाही. वाईच्या माणसाला वाईचे वाडे माहीत, बीडच्या माणसाला बीडची खेडी. स्थानिक जाणकार हेच या कामाचे खरे तज्ज्ञ आहेत, आणि त्यांना त्यात सन्मानाने बसवले पाहिजे.

आता मोडी लिपीकडे येतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या पेशवे दप्तरात, कोट्यवधी कागद आहेत आणि त्यांतले बहुसंख्य मोडीत आहेत. सरदेसायांचे ४५ खंड ही त्या साठ्यातली निवड होती. बाकीचा साठा रुमालांत बांधलेलाच आहे. रुमाल सोडला की आत पुडकी, पुडक्यात बंद, आणि एका बंदावर कधी हिशेब, कधी तक्रार, कधी करीना, कधी नुसती पोच. तो वाचणारा माणूस पाच मिनिटांत सांगतो की कागद कशाचा आहे. पण पूर्ण लिप्यंतर करायला त्यालाच दिवस लागतो. इथे पुष्कळ प्रकल्प अडतात, कारण ‘आधी सगळे वाचून घेऊ, मग लोकांपुढे ठेवू’ असे ठरवले जाते. तसे केले तर पुढच्या शंभर वर्षांतही काही होणार नाही. म्हणून थर करावेत. पहिला थर नोंद: कागद कुठे आहे, कशाचा आहे, साधारण कोणत्या काळातला. दुसरा थर छायाचित्र. तिसरा थर लिप्यंतर, ज्याला जमेल त्याने, जमेल तेव्हा. लिप्यंतराखाली वाचणाऱ्याचे नाव असावे आणि दुसऱ्याने दुरुस्ती सुचवली तर तीही दिसावी. मोडीला युनिकोडमध्ये जून २०१४ मध्ये जागा मिळाली. आता मोडी मजकूर मोडीतच टंकित करून शोधता येण्याची सोय आहे. तिचा वापर झाला पाहिजे. यंत्राने मोडी वाचण्याचे प्रयोग सुरू आहेत, ते चांगलेच आहे. मात्र यंत्राला शिकवायला माणसाने बिनचूक वाचलेली हजारो पाने लागतात. मोडी वाचकांची पिढी तयार करण्याला त्यामुळे पर्याय नाही.

या कामाची गरज फक्त संशोधकांना आहे असे कोणी समजू नये. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसील कचेऱ्यांतली, शाळांची, जन्ममृत्यूच्या नोंदींची जुनी दप्तरे बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांची गावोगाव शोधाशोध झाली, आणि नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढू लागल्या. त्या प्रश्नाच्या राजकारणात मला जायचे नाही. एवढेच सांगायचे आहे की शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद आज हयात माणसाच्या हक्काशी जोडलेला असू शकतो. असा कागद कुठे आहे हे कळण्यासाठी नागरिकाला कोणाची ओळख काढावी लागू नये.

आता संस्थांच्या मनातल्या शंकांकडे वळतो. त्या शंका रास्त आहेत. त्यांना उत्तरे दिल्याशिवाय सामाईक दप्तराची भाषा करणे हा अन्याय होईल.

पहिली शंका: सगळे ऑनलाइन गेले तर आमच्या दारात कोण येणार? अनुभव उलट सांगतो. ज्या कागदाचा कोणाला पत्ताच नाही तो पाहायला कोणी येत नाही. यादी उघडी झाली की विचारणा वाढते. मात्र श्रेय संस्थेचेच राहिले पाहिजे. प्रत्येक नोंदीवर संस्थेचे नाव ठळक हवे, आणि ग्रंथात कागद उद्धृत करताना त्या संस्थेचा उल्लेख करणे बंधनकारक हवे.

दुसरी शंका घराण्यांची. वतनाचे, इनामाचे कागद उघडे केले तर जमिनीच्या वादात कोणी ते वापरील ही भीती गावागावांत आहे, आणि इनामांचे हक्क तपासणाऱ्या ब्रिटिशकालीन इनाम कमिशनच्या आठवणी ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या त्यांना ती असणे साहजिक आहे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तर लोकांच्या कुळांच्या नोंदी आहेत. इथे घाई करू नये. नोंद उघडी, चित्र बंद, अशी सोय ठेवता येते. ठरावीक वर्षांनी चित्र उघडायचे असा लेखी करार करता येतो. ज्याच्या घरातला कागद, त्याची अट नोंदीतच लिहिता येते.

तिसरी शंका कायद्याची. ती बहुतेक वेळा अज्ञानातून येते. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. राजवाड्यांचे ग्रंथ कधीच मुक्त झाले. सरदेसाई १९५९ मध्ये वारले, त्यांच्या रियासती २०२०च्या पहिल्या दिवसापासून सर्वांच्या झाल्या. इतिहासकार त्र्यंबक शंकर शेजवलकर १९६३ मध्ये गेले, त्यांचे लेखन २०२४ पासून मुक्त आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या पत्रावर आज कोणाचा स्वामित्वहक्क सांगता येईल? संस्थेचा अधिकार आहे तो कागदाच्या जपणुकीचा, आणि तो कोणी हिरावून घेत नाही.

चौथी शंका न बोललेली असते: आज आम्ही सामील झालो आणि उद्या पटले नाही तर? करारात बाहेर पडण्याची वाट पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी. आपल्या नोंदी आणि चित्रे घेऊन कोणत्याही संस्थेला कधीही वेगळे होता आले पाहिजे. ज्या घरातून निघता येते त्या घरात माणूस निर्धास्त राहतो.

पुढचा मुद्दा टिकण्याचा. स्कॅन केले म्हणजे कागद वाचला, हा समज घातक आहे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’त लाखो पुस्तके स्कॅन झाली, मराठीतली कित्येक दुर्मीळ पुस्तके त्यात होती. पण पुस्तकांची नावे रोमन लिपीत मन मानेल तशी टंकलेली, काहींची पाने गळलेली. पुढे ते संकेतस्थळच बंद पडले. त्यातली पुष्कळ पुस्तके आज वाचायला मिळतात, ती ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर त्यांच्या प्रती काढून ठेवल्या गेल्या म्हणून. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला; ईस्ट इंडिया कंपनीचे दप्तर जिथे आहे त्या ग्रंथालयाची मुख्य यादी जानेवारी २०२४ पर्यंत लोकांना पाहता येत नव्हती. एवढ्या श्रीमंत संस्थेची ही गत होते. इकडे मूळ कागदांची काय स्थिती असते तेही आपण पाहिले आहे. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी शिरले. या सगळ्यांतून निघणारा नियम साधा आहे: प्रत्येक चित्राच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या शहरांत, आणि त्यांतली एक तरी इंटरनेटला न जोडलेली. वर्षातून एकदा त्या उघडून पाहायच्या. चित्रे कोणत्याही यंत्रावर उघडतील अशा खुल्या स्वरूपात ठेवायची. एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोंडायची नाहीत. आणि खर्च वार्षिक अंदाजपत्रकात धरायचा. देणगीतून स्कॅनिंग होते. जतन मात्र दरवर्षीच्या तरतुदीतूनच होते.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आजवर जे जपले गेले ते बहुतांशी राजसत्तेचे, वाड्यांचे आणि मठांचे कागद आहेत. सामाईक दप्तर हेच कागद पुन्हा दाखवणार असेल तर ते अपुरे ठरेल. सत्यशोधक समाज १८७३ मध्ये स्थापन झाला, ‘दीनबंधू’ हे पत्र १८७७ मध्ये निघाले. त्याचे जुने अंक किती ठिकाणी सापडतात? डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ १९२०चे, ‘बहिष्कृत भारत’ १९२७चे. त्यांचे अंक पुनर्मुद्रित झाले हे आपले भाग्य. जिल्ह्याजिल्ह्यांतून निघालेल्या कितीतरी लहान पत्रांच्या वाट्याला ते आले नाही. १९८२च्या गिरणी संपाची पत्रके, सहकारी सोसायट्यांच्या सभांची इतिवृत्ते, तमाशा फडांच्या जाहिराती, जत्रेच्या वर्गणीच्या वह्या, भगिनी मंडळांचे अहवाल हाही प्रदेशाचा इतिहास आहे. तो माळ्यावरच्या ट्रंकेत आहे आणि दर दिवाळीच्या साफसफाईत कमी होतो आहे. सामाईक यादीत पेशव्यांच्या पत्राला आणि गिरणी कामगाराच्या पत्रकाला सारख्याच आकाराचा रकाना असेल. मला ही तिची सर्वांत मोठी थोरवी वाटते.

आणि ही यादी राज्याच्या सीमेवर थांबून चालणार नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी आणि मोडी कागदांचा मोठा साठा आहे. बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर इथली दप्तरे मराठ्यांच्याच कारभाराची. मराठवाड्याच्या निजामकालीन कारभाराचे कागद हैदराबादेत आहेत. गोव्याच्या पुराभिलेखागारात पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालवले आणि ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ सारखा ग्रंथ दिला. तिथल्या पोर्तुगीज कागदांखेरीज कोकणाचा इतिहास लिहिताच येत नाही. सर्वांनी मिळून करायचे काम म्हणजे हे.

मग सुरुवात कुठून? माझी सूचना अगदी ठोस आहे. सुरुवात कृष्णाकाठापासून करावी. वाई, सातारा, सांगली-मिरज आणि कोल्हापूर या पट्ट्यात सरकारी पुराभिलेखागार आहे, विद्यापीठ आहे, जुनी वाचनालये आहेत आणि रास्ते, पटवर्धन, प्रतिनिधी यांच्यासारख्या घराण्यांचा एकमेकांशी झालेला पत्रव्यवहार आहे. एकाने लिहिलेले पत्र दुसऱ्याच्या दप्तरात आणि त्याचे उत्तर पहिल्याच्या दप्तरात. सामाईक यादीचा उपयोग इथे लगेच दिसेल. तीन संस्थांनी एकत्र यावे, पंधरा रकान्यांचा एक तक्ता ठरवावा, प्रत्येकीने आपल्याकडच्या एक हजार कागदांच्या नोंदी एका वर्षात कराव्यात. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. साधा संगणक, मोडी जाणणारा एक माणूस आणि त्याच्या हाताखाली शिकणारे दोन विद्यार्थी एवढे पुरे. विद्यापीठाने या विद्यार्थ्यांच्या कामाला श्रेयांक द्यावेत. पुराभिलेख संचालनालयाने आपल्या स्कॅनिंगच्या कामाच्या नोंदी याच तक्त्यात उपलब्ध कराव्यात. वर्षअखेरीस तीन हजार नोंदी एका जागी शोधता आल्या, की चौथी संस्था आपण न बोलावता येईल.

इथे बसलेल्या विश्वस्तांना माझी एक विनंती आहे. राजवाड्यांच्या नावाने व्याख्याने होतात, हार घातले जातात, हे योग्यच आहे. पण ज्या माणसाने मिळालेला कागद स्वतःजवळ कोंडून न ठेवता खंडामागून खंड छापून तो सगळ्यांच्या हाती दिला, त्याचे स्मरण त्याच रीतीने व्हावे. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत एक ठराव मांडा: आपल्या संग्रहाची यादी, जशी आहे तशी, अपुरी असली तरी, आपण सर्वांसाठी खुली करीत आहोत आणि इतर संस्थांच्या याद्यांशी जोडण्यास तयार आहोत. चार ओळींचा ठराव आहे. त्याला निधी लागत नाही, परवानगी लागत नाही. तो मंजूर करून शेजारच्या संस्थेला त्याची प्रत पाठवा आणि त्यांच्याकडूनही असाच ठराव मागा.